टिपणिसांची न्हाणी

प्रभाकर टिपणिसांनी कुठलीही गोष्ट अर्धवट असताना आम्हाला कधी दाखवली नाही. आमच्या शेजारचं घर विकलं गेलंय हे आम्हाला ठाऊक होतं, पण घेणारे आपले टिपणीस आहेत हे खिडक्यांना पडदे लागल्यावर कळलं. तोपर्यंत मराठी मंडळाच्या दोन कार्यक्रमांत ते आमच्या पंगतीला बसून जेवले होते आणि हूं की चूं केलं नव्हतं. हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा टाके निघाल्यावर बायकोच्या, सुधाच्या हातचे दूध पावडरचे पेढे घेऊन आले. "बरं झालं बुवा, सुटलो," म्हणाले. कशातून सुटले ते आम्हीच विचारायचं. गाडीचं इंजिन उघडायचे तर गॅरेजच्या तोंडाशी चादर टांगायचे. चादरीखालून नुसते दोन पाय दिसायचे. हाक मारली तर आतून ठरलेलं उत्तर यायचं, "झालं की दाखवतो."

सुधा म्हणायची, "नयनाच्या वेळी डोहाळजेवणाचं आमंत्रण यांनी बारशाबरोबरच पाठवलं असतं. मी होते म्हणून झालं."

मी नागपूरची. पोटात एक आणि ओठात एक आमच्याकडे नाही. रागावले तर आधी शेजाऱ्यांना कळतं आणि मग मला. त्यामुळे या झाकपाक करणाऱ्या माणसाशी माझं जमलं कसं, कोण जाणे. पण जमलं खरं. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या त्या गल्लीत मराठी घरं आमची दोनच. बर्फ पडला की आपलं अंगण साफ करून झाल्यावर ते न सांगता आमचंही करून जायचे. माझा नवरा अनिल दार उघडून थँक्यू म्हणायला जाईपर्यंत फावडं भिंतीला टेकवून गडी स्टेशनाकडे निघालेला असायचा. शिकागोला एका कंपनीत ते पुलांचं डिझाइन करत. आपण डिझाइन केलेला एखादा पूल आम्हाला दाखवा, असं मी किती वेळा म्हटलं. रहदारी सुरू होऊ दे, म्हणायचे.

ज्या हिवाळ्याबद्दल सांगणार आहे तो सत्त्याऐंशीच्या आसपासचा. त्यांच्या आई, माई, मिरजेहून आल्या होत्या. मुलाकडे वर्षभर राहायचं असा बेत होता. माई म्हणजे हुबेहूब मुलगा, नऊवारीतला. कुणाला काही मागायचं नाही, कुणाला काही दुखतंय म्हणायचं नाही. जानेवारीत गाडीतून उतरताना त्या बर्फावर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तिथून गॅरेज चार पावलांवर. "काही नाही रे, बसले जरा," असं म्हणाल्या म्हणे, रस्त्यावर पडल्या पडल्या.

ऑपरेशन झालं. घरी आणलं तेव्हा प्रश्न उभा राहिला तो ठेवायचं कुठे हा. त्यांचं घर म्हणजे पुढचं दार उघडलं की अर्धा जिना वर आणि अर्धा जिना खाली. झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, बाथरूम सगळं वर. खाली बेसमेंटात एक मोठी खोली आणि तिला लागून गॅरेज. खालून गॅरेजमध्ये चाकाची खुर्ची सरळ नेता यायची, म्हणजे डॉक्टरकडे न्यायला सोपं. वर नेलं तर बाहेर काढायला माणसं लागणार. शिवाय वरच्या बाथरूमच्या दारातून वॉकर आत जात नव्हता, आणि गेला तरी पुढे टब. तो पाय उचलून कोण ओलांडणार? तेव्हा माईंची कॉट खाली लागली. कॉटशेजारी हॉस्पिटलातून आणलेली भांड्याची खुर्ची, आणि मध्ये सुधाच्या जुन्या साडीचा पडदा.

सुधा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला जायची, प्रभाकरराव सकाळच्या गाडीने शिकागोला, दहा वर्षांची नयना शाळेत. मी घरीच असायचे. त्यामुळे दिवसा माईंजवळ मी. आधी काही लक्षात आलं नाही. चहा विचारला की म्हणायच्या, "आत्ताच घेतला." जेवण वाढलं की दोन घास खाऊन ताट बाजूला. उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला असायचा. एकदा तो बदलायला उचलला तर काठोकाठ भरलेला. फुलपात्र कोरडं. ओठ बघितले तर सालं निघालेली.

"माई, तुम्ही पाणी पीत नाही?"

"पिते की."

"तांब्या भरलेला आहे."

त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मी कॉटच्या कडेवर बसले आणि हलले नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"कुमुद, पाणी प्यायलं की उठावं लागतं ग. जिथं जेवते तिथंच, एका पडद्याआड. आणि संध्याकाळी ऑफिसातून आला की तो टाय सुद्धा न काढता ते भांडं उचलून वर नेतो. मी याचं लहानपणी सगळं काढलं, त्यात काही नाही. पण त्यानं माझं काढायचं? हे बघायला जगले का मी?"

"आजारपणात असं चालतं, माई."

"तुला चालेल. मला नाही चालत."

संध्याकाळी गॅरेजमध्ये प्रभाकररावांना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. ते ऐकत होते. हातातली बॅग त्यांनी खाली ठेवली नाही की चेहरा हलवला नाही. मला वाटलं, दगड आहे हा माणूस. शनिवारी सकाळी गेले तर खालच्या खोलीत गुडघ्यावर बसून खडूने जमिनीवर रेघा मारत होते.

"माईसाठी न्हाणी करतोय, वहिनी. संडास आणि न्हाणी. इथं, खाली."

"प्लंबर मिळाला?"

"एवढ्याशा कामाला या थंडीत कोणी लवकर येत नाही. स्वतःच्या घरात स्वतः केलं तर चालतं, मी चौकशी केलीय. परमिट काढायचं, आणि दर टप्प्याला इन्स्पेक्टर येऊन बघून जातो. त्याने पास केल्याशिवाय वापरायचं नाही, एवढंच."

एवढंच!

पण त्या दिवशी मी पहिल्यांदा बघितलं की ते आईला विचारतायत. कॉटजवळ स्टुलावर बसून वहीवर चित्र काढत होते. टब नको, जमीन उताराची. बसायला चौरंगाएवढा ओटा. नळ खाली, हाताशी, बादली भरायला. माई म्हणाल्या, "तांब्या ठेवायला कोनाडा ठेव. आणि दाराला आतून कडी." त्यांनी चित्रातल्या दारावर बोट ठेवून ती काढून घेतली. त्या दुपारी मी केलेला चहा त्या अर्धा कप प्यायल्या.

मग ते जॅकहॅमर. भाड्याने आणलेलं ते धूड त्यांनी स्वतः चालवलं. पुलांचं गणित करणारा किडकिडीत माणूस, त्याच्याबरोबर सगळा थरथरायचा. बेसमेंटची काँक्रीटची जमीन फोडून खाली माती उकरून नळ टाकायचे होते. माईंची कॉट दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली, मध्ये प्लास्टिक लावलं, तरी धूळ नाकातोंडात जायचीच. माई पदर तोंडावर घेऊन पडून राहायच्या. सुधा एकदा म्हणाली, "हॉटेलात नेऊ का तुम्हाला चार दिवस?" तर म्हणाल्या, "कशाला? होतंय ना काम."

नळ टाकून झाले. आता इन्स्पेक्टरला बोलवायचं. प्रभाकरराव त्याला साहेब म्हणायचे, घरात मराठीतसुद्धा. "साहेबांची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळालीय." तोपर्यंत खड्डा उघडा. एका बाजूला मातीचा ढीग, मुख्य नाला फोडलेला, त्याच्या तोंडात चिंध्या कोंबलेल्या, तरी वास यायचा तो यायचाच. त्याच खोलीत माई, ती खुर्ची आणि तो पडदा.

साहेब यायच्या दिवशी मी माईंची वेणी घालायला सकाळीच गेले आणि बघतच राहिले. खड्डा नाही, माती नाही. गुळगुळीत सिमेंट, गालिच्यासारखं सपाट. खोली झाडलेली, उदबत्ती लावलेली, पडद्याची साडीसुद्धा बदललेली. टेबलावर पोहे झाकून ठेवलेले. प्रभाकरराव टाय लावून उभे.

"प्रभाकरराव, बुजवलंत?"

"मग काय, त्या घाणीत साहेबाला आणू? माई तिथं पडलेली असताना? परका माणूस येणार घरात."

"अहो, पण त्यांना नळ बघायचेत ना?"

"नळ उत्तम टाकलेत. मी सांगेन त्यांना."

त्यांना नियम माहीत नव्हता असं नाही. झाकायच्या आधी तपासणी, हे परमिटवरच छापलेलं होतं आणि त्यांनीच मला वाचून दाखवलं होतं. पण पाहुणा येणार म्हटल्यावर त्यांचे हात आवरायला धावले. मीही अर्धं आयुष्य बेल वाजायच्या आत पसारा पलंगाखाली ढकलण्यात घालवलंय, तेव्हा मी कोणत्या तोंडाने हसणार?

साहेब आले. उंच, पन्नाशीचे, खांद्यावर टॉर्च. बूट दारात पुसले. माईंना बघून टोपी काढली. मग त्या गुळगुळीत सिमेंटकडे बघितलं.

"व्हेअर आर द पाइप्स?"

"अंडर द फ्लोअर, सर."

"आय कॅन सी दॅट. मला ते उघडे दिसायला हवेत."

प्रभाकररावांनी सांगायला सुरुवात केली. मी इंजिनियर आहे, एकेक सांधा असा जोडलाय, उतार एवढा दिलाय. साहेब शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी प्रभाकरराव म्हणाले, "आय गिव्ह यू माय वर्ड, सर."

"आय बिलीव्ह यू," साहेब म्हणाले. "तरी मला बघावं लागेल."

प्रभाकररावांनी पोह्यांवरचं झाकण काढलं. "प्लीज, सर. थोडं खाऊन जा. टी?"

साहेबांनी दोन्ही हात वर केले. ड्युटीवर काही घेता येत नाही म्हणाले. पाणीसुद्धा नाही. नापासाचा लाल कागद भिंतीला चिकटवला आणि गेले. प्रभाकरराव हातात ते झाकण घेऊन उभे होते. लाल कागदाचं त्यांना तेवढं लागलं नाही, जेवढं त्या पाण्याचं लागलं. "शब्दावर विश्वास आहे म्हणतो, आणि घोटभर पाणी घेत नाही," असं कितीतरी दिवस म्हणत होते.

नयना जिन्यावरून सगळं बघत होती. "बाबा, ही जस्ट वॉन्ट्स यू टु ओपन इट," ती म्हणाली. "व्हाय डिड यू क्लोज इट?"

"वर जा," ते म्हणाले. मुलीशी एवढ्या कोरड्या आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

पुन्हा जॅकहॅमर. आधीची जुनी जमीन फोडली होती ती परक्याची. ही स्वतःची, स्वतःच्या हाताने घोटून गुळगुळीत केलेली. फोडताना खालचा एक नळही फुटला. तो काढून नवा टाकायचा तर त्याच्या अलीकडचे पलीकडचे सांधेही कापावे लागले. सगळं ऑफिसातून आल्यावर. गाडी उशिरा आली की त्या दिवसाचं काम गेलं. हाताला फोड, डोळे खोल. ऑफिसात पेंगतात असं त्यांच्या एका सहकाऱ्याने अनिलला सांगितलं.

आणि माईंनी पुन्हा पाणी सोडलं. ते अर्ध्या कपाचं सुख तेवढंच ठरलं. एका दुपारी अंगाला हात लावला तर चटका बसला. हाक मारली तर मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाने बोलावू लागल्या. ॲम्ब्युलन्स बोलावली. लघवीचं इन्फेक्शन, मूत्रपिंडांवर ताण. डॉक्टरांनी प्रभाकररावांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की हिने पाणी प्यायलं नाही तर औषधांचा काही उपयोग नाही.

घरी आणल्यावर मी जे बघितलं ते आजही डोळ्यांसमोरून जात नाही. एका बाजूला उघडा खड्डा. कॉटशेजारी जमिनीवर हा माणूस बसलेला, शर्टाला माती, हातात फुलपात्र.

"माई, एक घोट."

"नको रे."

"एकच. माझ्यासाठी."

"न्हाणी झाली की पिईन."

"होतेय ना ग. होतेय. साहेब येतील, बघतील, की लगेच. तोवर थोडं थोडं घे. भांडं मी नाही उचलणार, वहिनी उचलतील, नर्स ठेवू आपण, कोणीही उचलेल. पण पाणी पी ग."

माईंनी तोंड घट्ट मिटलेलं. तेव्हा त्या माणसाने फुलपात्र खाली ठेवलं, आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मोठ्याने रडला. माझ्यासमोर. मी आहे हे त्यांना ठाऊक होतं. माईंनी हात लांब करून त्यांच्या केसातली धूळ झटकली. पण पाणी घेतलं नाही. मला त्या म्हातारीचा संताप आला. खरं सांगते, त्या क्षणी गालात मारून पाणी पाजावं असं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, उद्या माझ्यावर ही वेळ आली तर मी तरी काय करेन?

मी सुधाला म्हटलं, नर्स आणाच. ती आली, सकाळ-संध्याकाळ. त्याने थोडा फरक पडला. माई चमच्या-चमच्याने पाणी घेऊ लागल्या, औषध घेतल्यासारखं.

दुसऱ्या वेळेला साहेब आले तेव्हा प्रभाकररावांनी काही झाकलं नाही. त्यांना ते किती जड गेलं असेल ते मलाच माहीत. मातीचा ढीग, चिंध्या, वास, माई, खुर्ची, सगळं जसंच्या तसं. या तपासणीत नळांची तोंडं बंद करून वरपर्यंत पाणी भरतात आणि पातळी उतरते का ते बघतात. साहेब खाली वाकून बघत होते. माईंनी मान वळवली होती, त्याही बघत होत्या. पाणी उतरलं. बोटभर उतरलं असेल. एका सांध्यातून पाझरत होतं. घाईने जोडलेला तो सांधा, गोंद लावल्यावर धरून ठेवायला लागतो तेवढा धरला गेला नव्हता.

"सॉरी," साहेब म्हणाले. ते मनापासून म्हणाले, असं मला वाटलं. जाताना माईंकडे बघून प्रभाकररावांना विचारलं, "युवर मदर?"

"येस, सर. हे तिच्यासाठीच आहे."

साहेबांनी खिशातली डायरी काढून काहीतरी बघितलं. म्हणाले, सोमवारी सकाळी इकडूनच जातोय, पहिल्यांदा इथे येईन. तयार ठेवा. तारीख न मागता मिळाली.

सोमवारी पाणी हललं नाही. हिरवा कागद लागला. खड्डा रीतसर बुजला. प्रभाकररावांनी आम्हाला फोन करून सांगितलं. काम अजून अर्धंही झालेलं नसताना त्यांनी आपणहून सांगितलेली ही पहिली गोष्ट. आवाजात हसू होतं. मी इकडे रडायला लागले.

पण माईंचं ठरलं होतं. नर्स गेल्यावर मला म्हणाल्या, "कुमुद, प्रभाकरला सांग, मला मिरजेला पाठव."

"आता होतच आलंय, माई. भिंती उभ्या राहिल्या की संपलं."

"अजून दोनदा तो गृहस्थ यायचा आहे ना? मला होणार नाही. तिथं लेक आहे, खालीच मोरी आहे, बाई आहे. मी याच्या घरात अशी गेले तर हा आयुष्यभर या खोलीत यायचा नाही."

मी प्रभाकररावांना सांगितलं. त्यांनी विनवण्या केल्या, सुधाने केल्या, नयनासुद्धा "आजी, प्लीज, डोन्ट गो" करत गळ्यात पडली. माई ढळल्या नाहीत. थंडी सरल्यावर, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, पुण्याला निघालेल्या एका ओळखीच्या जोडप्याबरोबर त्यांचं जायचं ठरलं. खुर्ची गॅरेजकडे निघाली तेव्हा न्हाणीच्या नुसत्या लाकडी चौकटी उभ्या होत्या आणि त्यातून नळ वर आलेले. माईंनी खुर्ची थांबवायला सांगितली. आत बघितलं.

"पूर्ण कर हं. अर्धं ठेवू नकोस."

"झालं की तुला न्यायला येतो, माई. थंडीच्या आधी परत आणतो."

"हो," त्या म्हणाल्या. त्या हो म्हणाल्या म्हणून प्रभाकररावांनी पुढचं सगळं केलं.

मिरजेला गेल्यावर माई बऱ्या झाल्या. फोनवर म्हणायच्या, "आता भरपूर पिते रे पाणी." ते ऐकून प्रभाकरराव खाली जाऊन कामाला भिडायचे. भिंतीतल्या नळांच्या तपासणीला साहेबांनी खालच्या नळावर बोट ठेवलं. नळाचं तोंड बादलीच्या काठाखाली येतंय, बादलीतलं पाणी उलटं नळात ओढलं जाईल. काठाच्या वर घ्या. पूर्वीचे टिपणीस असते तर वाद घातला असता. या वेळी त्यांनी मोजून बादली आणली, साहेबांसमोर ठेवली, वर ओट्यावर स्वतः बसून हात लांब करून दाखवला, की एवढ्या उंचीवर नळ घेतला तर माईचा हात पोचेल. साहेबांनीही बसून बघितलं. दोघे पुरुष आळीपाळीने त्या ओट्यावर बसून न दिसणाऱ्या पाण्याने ती बादली भरत होते. मी आणि सुधा जिन्यावरून बघत होतो. किती तरी महिन्यांनी आम्ही हसलो.

नळ वर गेला. फरशी लागली. कोनाडा झाला. दाराला कडी लागली. प्रभाकररावांनी मिरजेचं तिकीट कधीचं काढायचं याची चौकशी सुरू केली. शेवटची तपासणी ऑगस्टमधल्या एका सकाळी ठरली.

त्या सकाळी सुधाचा फोन आला. "कुमुद, ये." एवढंच.

गेले तर ती स्वयंपाकघरात ओल्या केसांनी उभी. मिरजेहून फोन आला होता. माई गेल्या. दोनच दिवस तापाचं निमित्त झालं, मूत्रपिंडांनी दगा दिला. "मी वर अंघोळ केली," सुधा म्हणाली. "हे करत नाहीत. साहेब येणार म्हणतात."

बातमी ऐकली की अंघोळ करायची, त्याआधी कशाला शिवायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. खाली गेले. प्रभाकरराव खुर्चीवर बसले होते, टाय लावून, हात मांडीवर. मला बघून उठले नाहीत.

"प्रभाकरराव, आज तरी त्यांना नको म्हणा. मी करते फोन."

"नको, वहिनी. येऊ दे."

"मग अंघोळ करून या आधी. वर करा."

त्यांनी मान हलवली. न्हाणीच्या बंद दाराकडे बघत होते. "पास झाल्याशिवाय वापरायची नाही," म्हणाले. मला तेव्हा कळलं ते कशासाठी थांबलेत.

साहेब आले. हसतमुख, बूट पुसत. प्रभाकरराव उभे राहिले. साहेबांनी हात पुढे केला, तर यांनी न शिवता नुसते हात जोडले. साहेबांना त्यात काही वेगळं वाटलं नसावं. त्यांनी सगळं बघितलं. संडासाचं पाणी सोडलं, टॉर्च लावून खालून सांधे बघितले. मग नळाखाली बादली ठेवली, भरली, उचलून जमिनीवर ओतली आणि पाणी सरसर जाळीकडे जाताना बघत राहिले. ओट्यावर बसले. कोनाड्यात हात घातला. दाराची कडी लावून बघितली. माई गेल्याचं माझ्या जिभेवर आलं होतं. मी तोंड उघडलं. प्रभाकररावांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मिटलं.

साहेबांनी हिरवा कागद लावला. "गुड जॉब, मिस्टर टिपणीस. आता वापरा." मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "शी विल बी हॅपी. कधी येतेय परत?"

"सून, सर," प्रभाकरराव म्हणाले. "थँक यू, सर. थँक यू व्हेरी मच."

त्यांना गॅरेजच्या दारापर्यंत पोचवायला गेले. त्यांची गाडी वळेपर्यंत उभे राहिले. परत आले तेव्हा सुधा पंचा आणि धोतर घेऊन खाली आली होती. ते तिच्या हातून त्यांनी घेतलं नाही, जमिनीवर ठेव म्हणाले. चष्मा काढून तिथेच ठेवला. अंगावरच्या शर्टपँटसकट आत गेले आणि आतून कडी लावली.

नळ सुरू झाला. बादली भरायला वेळ लागला. पहिला तांब्या अंगावर पडल्याचा आवाज आला, मग दुसरा. सुधा जमिनीवर बसली. मी तिच्या शेजारी. आम्हाला वाटलं आता रडतील. रडले नाहीत. थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला, अगदी नेहमीचा, हळू.

"माई, डोळे मीट ग. पाणी कढत आहे, ओततो हं."